दीर्घ शांततेची बखर

हिवाळ्यातली रात्र. आकाशात चंद्र नाही. उत्तरेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानावर ताऱ्यांचा अंधूक उजेड पडला आहे. मैदानाच्या एका कडेला टेकड्यांवरचे किल्ले, दुसऱ्या कडेला शत्रूचे काळे डोंगर. किल्ल्यांवरच्या पहाऱ्याच्या शेकोट्या विझत आल्या आहेत, पहारेकरी मोजकेच आहेत आणि खाली घोडदळाच्या छावण्यांतही जागे असलेले फार थोडे आहेत. अशा वेळी त्या काळ्या डोंगरांतून आगीच्या नद्या खाली धावत सुटतात. जवळजवळ चारशे वर्षे टिकलेला वेढा त्या हिवाळ्यात मोडून पडतो.

ही घटना कोणत्याही देशाच्या इतिहासात घडलेली नाही. जे. आर. आर. टोल्किन यांनी आयुष्यभर रचलेल्या एका काल्पनिक जगाच्या इतिहासात ती घडते. 'द सिल्मरिलियन' हा तो इतिहास. टोल्किन यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये, त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने संपादन करून तो प्रसिद्ध केला. सर्वसामान्य वाचकाला टोल्किन माहीत असतात ते 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) यांचे लेखक म्हणून. मीही त्याच वाटेने त्यांच्यापर्यंत गेलो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अखेरीला जोडलेली परिशिष्टे पहिल्या वाचनात मी चाळून सोडून दिली होती. वंशावळी, सनावळ्या, राजांच्या याद्या. कथेत रमलेल्या वाचकाला त्यांत काय गोडी वाटणार? पुढे मराठी बखरी आणि शकावल्या वाचायची सवय लागली आणि बऱ्याच वर्षांनी मी त्या परिशिष्टांकडे परत गेलो. तेव्हा लक्षात आले की कथेत जे युद्ध एका वर्षात संपते, त्याची कारणे या शकावलीत हजारो वर्षे मागे पसरलेली आहेत. त्यांतली बरीचशी कारणे लढायांच्या नोंदींत सापडत नाहीत. ज्या शतकांपुढे फारसे काही लिहिलेलेच नाही, त्या शतकांत ती दडलेली आहेत.

या लेखात मी त्या शांत शतकांकडे पाहणार आहे. प्रश्न साधा आहे. ज्यांनी शत्रू पाहिला होता, ज्यांनी त्याला हरवले होते, ज्यांनी त्याच्या दारात पहारा बसवला होता, त्यांचा पहारा सुटतो कसा?

१

पहिल्या युगातली गोष्ट अशी. मॉर्गॉथ हा आदिशत्रू उत्तरेला अँगबँड नावाच्या भुयारी दुर्गात बसलेला आहे. नोल्डोर नावाचे एल्फ म्हणजे अमर, कलासंपन्न लोक. त्यांनी एका मोठ्या लढाईत त्याचे सैन्य धुळीला मिळवले आणि अँगबँडला वेढा घातला. वेढा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चहूबाजूंनी आवळलेला फास येतो. हा वेढा तसा नव्हता. अँगबँडच्या पाठीशी बर्फाच्छादित लोहपर्वतांची रांग होती. तिकडे एल्फांना जाता येत नव्हते. म्हणजे पुढचे दार बंद, पण मागचे दार सताड उघडे. त्या वाटेने मॉर्गॉथचे हेर बाहेर पडत, आणि आत त्याच्या खाणी व भट्ट्या चालूच राहत. वेढा घालणाऱ्यांना हे ठाऊक होते. वेढ्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

या काळात धोक्याची सूचना मिळालीच नाही, असेही नाही. वेढा पडून सुमारे दोनशे वर्षे झाल्यावर एका रात्री ग्लाउरुंग हा ड्रॅगन अँगबँडच्या दारातून बाहेर पडला. तो अजून निम्मासुद्धा वाढलेला नव्हता, तरी त्याला पाहून लोक पळाले. मग फिंगॉन हा राजपुत्र घोड्यावरचे तिरंदाज घेऊन गेला. ड्रॅगनचे कवच पुरते घट्ट झाले नव्हते, बाण लागले आणि तो परत पळाला. फिंगॉनचा जयजयकार झाला. या नव्या गोष्टीचा खरा अर्थ फार थोड्यांना कळला, एवढेच टोल्किन नोंदवतात आणि पुढे जातात. मला हा प्रसंग सगळ्या बखरीचा कणा वाटतो. एकच घटना दोघांनी वाचली. एल्फांनी त्यात आपला विजय वाचला. मॉर्गॉथला मात्र आपले हत्यार वेळेआधी उघडे पडल्याचा राग आला. आपल्या भट्टीत काय शिजते आहे, हे त्याने शत्रूला फुकटात दाखवले होते, आणि शत्रूने तिकडे लक्ष दिले नाही.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे मोठे युद्ध झाले नाही. टोल्किन या काळाला 'दीर्घ शांतता' असेच म्हणतात. ही वर्षे आळसात गेली, असे मात्र कुणी समजू नये. उत्तरेच्या फौजांच्या आडोशाने एल्फांनी वाडे, मनोरे आणि बागा उभारल्या, काव्ये रचली, इतिहास आणि विद्येचे ग्रंथ लिहिले. माणसांच्या जमाती पूर्वेकडून आल्या, त्यांच्याशी मैत्री झाली. त्या युगात जे काही सुंदर म्हणून पुढे आठवले गेले, त्यातले पुष्कळसे याच दोनशे वर्षांतले आहे. लेखकाचा जीव त्यात गुंतलेला आहे, हे वाचताना जाणवत राहते. शांततेचा उपभोग घेतला म्हणून तो कुणाला दोष देत नाही.

दोष लागतो तो एका सल्लामसलतीच्या वेळी. फिंगॉल्फिन हा नोल्डोरचा राजा. आपले लोक वाढले आहेत, माणसांसारखे शूर साथीदार मिळाले आहेत, तर आता अँगबँडवर चालून जावे, असे त्याच्या मनात आले. वेढ्याचे वर्तुळ अपुरे आहे तोवर शत्रू आत काय घडवतो आहे ते कळणार नाही, हे त्याला दिसत होते. पण बहुतेकांना आहे ते बरे वाटत होते. जिंकलो तरी हजारो मरणार. मग आज कशाला? त्याला पाठिंबा मिळाला तो मुख्यतः अँग्रॉड आणि एग्नॉर या दोन भावांचा. त्याचे कारण टोल्किन एका वाक्यात सांगतात. हे दोघे डॉर्थोनियनच्या उंच प्रदेशात राहत, आणि तिथून थँगोरोड्रिमची शिखरे, म्हणजे शत्रूच्या दारावरचे डोंगर, दिसत असत.

हे वाक्य वाचून मी थांबलो. दीर्घ शांततेत लोक गाफील होतात याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की युद्ध पाहिलेली पिढी मरते आणि नातवंडांना आजोबांच्या गोष्टी खोट्या वाटू लागतात. पण एल्फ मरत नाहीत. वेढा घालणाऱ्यांपैकी कितीतरी जण दोनशे, तीनशे वर्षांनंतरही हयात होते, त्याच पदांवर होते. ज्यांनी जखमा सोसल्या तेच आता 'आज कशाला?' म्हणत होते. म्हणजे टोल्किन यांनी पिढ्यांचा खुलासा मुळातच बाद करून टाकला आहे. जाग राहिली ती ज्यांच्या खिडकीतून डोंगर दिसत होते त्यांना. बाकीच्यांना स्मृती होती, पण नजरेसमोर काही नव्हते. आपल्याकडे 'दृष्टीआड सृष्टी' म्हणतात. अमर लोकांनासुद्धा ते चुकले नाही.

राजाचा बेत बारगळला. काही वर्षांनी ती हिवाळ्याची रात्र आली. आगीपाठोपाठ ग्लाउरुंग पूर्ण वाढलेला असा बाहेर आला. हिरवे आर्ड-गालेन जळून राख झाले आणि पुढे ते धुळीचे मैदान म्हणूनच ओळखले गेले. अँग्रॉड आणि एग्नॉर त्या पहिल्या तडाख्यातच मारले गेले. धोका ज्यांना दिसत होता ते धोक्याच्या सर्वांत जवळही होते. दूरच्यांच्या निश्चिंतपणाची किंमत आधी जवळच्यांनी मोजली.

२

दुसरे उदाहरण माणसांच्या राज्याचे आहे, आणि ते सावकाश घडते. तिसऱ्या युगाच्या आरंभी सॉरॉनचा पराभव झाल्यावर गोंडोरच्या राजांनी मॉर्डोरच्या सीमेवर किल्ले बांधले. यांतले काही किल्ले कथेच्या वाचकाला चांगले आठवतील. सिरिथ उंगोलच्या बुरुजापाशी पोचल्यावर सॅम या साध्या माळ्याच्या ध्यानात येते, की हा बुरूज शत्रूला आत शिरू न देण्यासाठी बांधलेला नाही. आतल्याला बाहेर पडू न देण्यासाठी बांधलेला आहे. काळ्या दरवाजाच्या दोन बाजूंचे मनोरेही गोंडोरचेच. कथेच्या काळात या सगळ्यांत शत्रूची शिबंदी राहते. तुरुंगाच्या भिंती कैद्याच्या तटबंदीसाठी कामाला आल्या.

हे झाले कसे? परिशिष्टातली नोंद तपासली तर हल्ल्याची तारीख सापडत नाही. सापडतो तो अटानाटार दुसरा हा राजा. तिसऱ्या युगाच्या ११४९ पासून १२२६ पर्यंत त्याने राज्य केले. गोंडोरचे वैभव त्याच्या काळात शिगेला पोचले होते. तिथे रत्ने म्हणजे पोरांनी खेळायचे खडे, असे लोक म्हणत. त्याने 'वैभवशाली' असे बिरूद घेतले आणि मिळालेले सामर्थ्य राखण्यासाठी काहीच केले नाही. मॉर्डोरवरच्या पहाऱ्याची हयगय झाली. त्याच्या हयातीत यातून काही अनर्थ झाला नाही. दोनशे वर्षांनी, १४३२ मध्ये, घराण्यातच यादवी पेटली. १६३६ मध्ये महामारी आली, राजा आणि त्याची सगळी मुले गेली, आणि माणसेच उरली नाहीत म्हणून खिंडींवरचे किल्ले ओस पडले. नंतरच्या राजाने राजवाडा ऑस्गिलियाथहून मिनास अनोर इथे, म्हणजे मॉर्डोरपासून आणखी एक पाऊल मागे, हलवला. २००२ मध्ये मिनास इथिल हा सीमेवरचा सुंदर बुरूज शत्रूच्या हाती पडला. त्यानंतर मिनास अनोरला नवे नाव मिळाले: मिनास तिरिथ, पहाऱ्याचा बुरूज. पहारा मोडल्यावर नावात पहारा आला.

या साखळीत एकही जण झोपलेला शिपाई नाही. महामारीत ओस पडलेल्या किल्ल्यासाठी कुणाला जाब विचारणार? पण चारशेहून अधिक वर्षांपूर्वी पहारा ढिला झाला नसता, तर महामारीनंतर किल्ल्यांवर पुन्हा माणसे बसवावीत, एवढे तरी कुणाला सुचले असते. हयगय झाली त्या दिवशी काहीच बिघडत नाही. म्हणूनच ती चालून जाते. ती उघडी पडते ती दुसऱ्याच संकटाच्या दिवशी, आणि मग सगळा दोष त्या संकटाच्या माथी जातो.

२०६३ पासून २४६० पर्यंतच्या ३९७ वर्षांना शकावलीत 'सावध शांतता' असे नाव आहे. गँडाल्फ हा ज्ञानी जादूगार डोल गुल्डुरला चौकशीला गेला, तेव्हा तिथली छाया पूर्वेकडे पळाली आणि ही शांतता सुरू झाली. नाव वाचून वाटते की पश्चिमेचे लोक सावध होते. प्रत्यक्षात मॉर्गुलच्या दरीत सॉरॉनचे नऊ सेवक गुपचूप तयारी करीत होते. शांतता संपून पंधरा वर्षे होत नाहीत तोच, २४७५ मध्ये, नव्या जातीचे दणकट ऑर्क इथिलियनवरून लोटले. ते परतवले गेले, पण ऑस्गिलियाथ कायमचे उद्ध्वस्त झाले.

पुढे एकदा निर्णयाची वेळ पुन्हा आली. डोल गुल्डुरमध्ये बसलेला खुद्द सॉरॉनच आहे, हे २८५० मध्ये गँडाल्फने शोधून काढले. दुसऱ्या वर्षी ज्ञानी मंडळींच्या परिषदेत त्याने हल्ल्याचा आग्रह धरला. परिषदेचा प्रमुख सरुमान म्हणाला, थांबू या. नव्वद वर्षे परिषद थांबली. सरुमानला ती मुद्रिका स्वतःला हवी होती आणि तो तिचा गुपचूप शोध घेत होता, हे नंतर कळले. फिंगॉल्फिनच्या दरबारात लोक सुखावले होते म्हणून थांबले. इथे त्या सुखावलेपणाचा कुणीतरी वापर करून घेतला. 'घाई कशाला?' हे वाक्य सर्वांना शहाणपणाचे वाटते, म्हणून ज्याला वेळ हवा असतो त्याच्या ते फार सोयीचे असते.

३

तिसरे उदाहरण हॉबिटांच्या शायरचे. ही बुटकी, खाण्यापिण्यावर प्रेम करणारी, बागाईत माणसे. त्यांच्या सीमांच्या आत २७४७ नंतर लढाई म्हणून झाली नाही. शस्त्रे होती, पण ती चुलीवर भिंतीला टांगलेली, नाहीतर मिशेल डेल्व्हिंगच्या संग्रहालयात पडलेली. लागत तर नाही, पण टाकवतही नाही, अशा वस्तूला हॉबिट 'मॅथम' म्हणतात. आपल्या माळ्यावरही अशा वस्तू असतातच. तलवार मॅथम झाली होती.

शायरची शांतता आपोआप टिकली नव्हती. उत्तरेच्या मोडलेल्या राज्याचे उरलेसुरले वारस, ज्यांना रेंजर म्हणत, ते मळकट कपड्यांत सीमेवर गस्त घालत. हॉबिटांना याची कल्पना नव्हती. शेजारच्या ब्री गावात खानावळीचा मालक बटरबर या लोकांना भटके आणि संशयास्पद समजे. अ‍ॅरागॉर्न हा त्यांचा नायक, पुढे राजा होणारा. एल्रॉंडच्या सभेत तो हे सगळे बोलून दाखवतो. थोडी कटुता त्याच्या बोलण्यात आहे. तरीही साध्या माणसांना भीतीशिवाय जगता यावे आणि त्यासाठी आपण गुप्त राहावे, हेच आपले काम, असे तो म्हणतो.

मग युद्धासाठी रेंजर दक्षिणेला गेले. सीमा उघडी पडली. वर्षभराने नायक परतले तेव्हा बटरबरचे दार कड्या लावून बंद होते, आणि या भटक्यांनी आपल्यासाठी काय केले ते आपल्याला कधी समजलेच नव्हते, अशी कबुली तो देतो. शायरची अवस्था त्याहून वाईट होती. तिथे बाहेरचा शत्रू आला तो आतल्याच एका लोभी जमीनदाराच्या हाताला धरून. झाडे तुटली, धान्य वखारींत गेले, नियमांच्या पाट्या लागल्या. आणि आधीचे शांत, सभ्य, आज्ञाधारक हॉबिट एकेका पाटीपुढे मान खाली घालत गेले. अखेर बायवॉटरची लढाई झाली. एकोणीस हॉबिट पडले, आणि लढाईत भाग घेतलेल्या सगळ्यांची नावे शायरचे इतिहासकार मुखोद्गत करू लागले. चित्रपटात हा भाग गाळला आहे, पण माझ्या मते पुस्तकाचा निवाडा इथेच आहे: ज्यांच्यासाठी दुसरे जागले त्यांना शेवटी स्वतःही जागावे लागले.

४

टोल्किन यांना ही शांतता परकी नव्हती. १८९६ ते १९०० अशी बालपणीची चार वर्षे त्यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात काढली. शायरवर तिची सावली आहे. १८७१ पासून पश्चिम युरोपातल्या महासत्ता एकमेकींशी लढल्या नव्हत्या. १९१४ पर्यंत एक पूर्ण पिढी या शांततेत वाढली. नॉर्मन एंजेल यांच्या १९१० मधल्या 'द ग्रेट इल्यूजन' या पुस्तकाचे म्हणणे असे, की व्यापाराने बांधलेल्या राष्ट्रांत युद्ध कुणालाच फायद्याचे नाही. अनेक वाचकांनी त्यातून असा अर्थ काढला की युद्ध होणारच नाही. ग्लाउरुंगच्या प्रसंगासारखेच हे वाचन. ऐकायला बरा वाटेल तेवढाच अर्थ घेतलेला. टोल्किन १९१६ मध्ये सॉमच्या आघाडीवर संदेशवहन अधिकारी होते. शाळेपासूनचा मित्र रॉब गिल्सन पहिल्याच दिवशी, १ जुलैला, पडला. जी. बी. स्मिथ डिसेंबरात गेला. आजारी पडून परतलेल्या टोल्किन यांनी त्याच सुमारास 'द फॉल ऑफ गोंडोलिन' लिहायला घेतली: सण साजरा करायला तटावर जमलेल्या नगरावर शत्रू चालून येतो, त्याची ही कथा.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे दुसऱ्या महायुद्धाचे रूपक आहे, हा तर्क टोल्किन यांनी स्वतः प्रस्तावनेत खोडून काढला आहे. तो मान राखायला हवा. तरी ज्या देशात बसून ते लिहीत होते, तिथला कारभार पाहिला की त्यांच्या बखरीतले तर्कशास्त्र ओळखीचे वाटते. १९१९ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरवले, की पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही असे धरून लष्कराचा खर्च आखावा. १९२८ मध्ये, विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना आणि त्यांच्याच आग्रहाने, ही दहा वर्षे रोज नव्याने मोजायचे ठरले. आजपासून दहा वर्षे. उद्या पुन्हा उद्यापासून दहा वर्षे. हा नियम १९३२ मध्ये सोडला गेला. सात वर्षांनी युद्ध आले. गाफीलपणाविरुद्ध पुढे कंठशोष करणारा माणूस स्वतः त्या नियमाचा कर्ता होता, हे विसरता कामा नये. गाफील राहणारे लोक आपल्याहून वेगळे नसतात.

५

मग या बखरीचा धडा काय? सदैव शस्त्र परजून बसा, हा? तसे असते तर टोल्किन यांनी डेनेथॉर उभा केला नसता. गोंडोरचा हा कारभारी कधीच गाफील नव्हता. तो आपल्या बुरुजात बसून पलांतिर या दूरदर्शी गोळ्यातून शत्रूकडे वर्षानुवर्षे पाहत राहिला. शत्रूला त्याचे मन जिंकता आले नाही, पण काय दाखवायचे ते शत्रूच्या हाती होते. पाहून पाहून डेनेथॉरचा धीर सुटला आणि तो स्वतःच चितेवर चढला. नजर शत्रूवरून हलली नाही, पण ज्यासाठी पाहायचे ते नगर तो विसरला. फिंगॉल्फिनच्या सरदारांकडे नगर होते आणि डोंगर नव्हते. डेनेथॉरकडे डोंगर होते आणि नगर नव्हते.

फिंगॉल्फिनने चाल केली असती तर जिंकला असता, असेही टोल्किन कुठे म्हणत नाहीत. 'आज कशाला?' म्हणणारे मूर्ख नव्हते. त्यांच्या मनात मरणाऱ्या हजारोंचा हिशेब होता, आणि तो खरा होता. त्यांनी मांडला नाही तो दुसरा हिशेब: थांबलो तर कोण मरेल, आणि तो आपल्यापासून किती दूर राहतो.

म्हणून मला या सगळ्यात मेरी या हॉबिटाचे एक बोलणे फार मोलाचे वाटते. पेलेनोरच्या लढाईत जखमी होऊन तो मिनास तिरिथच्या शुश्रूषागृहात पडला आहे. आपल्या शायरमधला म्हातारा निवांत बाग करतो तीसुद्धा कितीतरी मोठ्या गोष्टींच्या आधाराने, त्याला ठाऊक असो वा नसो, असे तो मित्राला सांगतो. आणि आपल्याला ते थोडेसे तरी कळले याचा त्याला आनंद वाटतो. बाग सोडून सगळ्यांनी बुरुजावर जावे, असे तो म्हणत नाही. त्याला परत शायरलाच जायचे आहे, आणि तो जातोही. पण परतल्यावर दारातल्या पाट्यांपुढे मान न झुकवणारे जे चौघे असतात, त्यांत तो एक असतो.